म्यूनिकच्या विद्यापीठाचा जमाखर्च

जगातील 'अग्रगण्य' संशोधकांच्या याद्या आता दरवर्षी नेमाने प्रसिद्ध होतात. कोणी अमेरिकन संस्था सर्वाधिक उल्लेख झालेल्या शास्त्रज्ञांची यादी काढते, कोणी जगातील वरच्या दोन टक्क्यांची. मग कोणत्या विद्यापीठाचे किती प्राध्यापक यादीत आले, याची मोजदाद सुरू होते. आपल्याकडेही एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील अध्यापकाचे नाव अशा यादीत आले, तर प्रवेशद्वारावर फलक लागतो आणि स्थानिक वृत्तपत्रांत छायाचित्र येते. त्या अध्यापकाच्या आनंदात विरजण घालण्याचा या लेखाचा हेतू नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. ताळेबंदाची जमेची बाजू तेवढी छापायची आणि खर्चाची बाजू झाकून ठेवायची, असा हिशेब कोणता सनदी लेखापाल मान्य करील?

या प्रश्नाचा विचार एका ठोस उदाहरणाच्या आधारे करणे बरे. जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या विषयांत जर्मनीतील ज्या सार्वजनिक विद्यापीठांचा दबदबा आहे, त्यांत म्यूनिकचे लुडविग-माक्सिमिलियान विद्यापीठ अग्रभागी आहे. १४७२ साली इंगोलश्टाट येथे स्थापन झालेले हे विद्यापीठ १८०० साली लांड्सहूट येथे आणि १८२६ साली म्यूनिकला आले. बव्हेरिया राज्याच्या तिजोरीतून ते चालते. अशा याद्यांमध्ये त्याच्या जीवशास्त्रज्ञांची नावे वर्षानुवर्षे आढळतात. ही नावे कोठून आली, कोणाच्या पैशाने आली आणि कोणती नावे यायची राहिली, हे पाहिले की यादी निराळी दिसू लागते.

१९५१ हे साल घेऊ. त्या वर्षी अमेरिकेत सेंट लुई येथे ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक सोयीस्कर पद्धत प्रसिद्ध केली. 'नेचर' या नियतकालिकाने २०१४ साली केलेल्या गणतीत त्या निबंधाचे उल्लेख तीन लाखांच्या पुढे गेलेले आढळले. विज्ञानाच्या इतिहासात तेवढे उल्लेख दुसऱ्या कोणत्याही निबंधाला तोवर मिळाले नव्हते. त्याच १९५१ साली म्यूनिकमध्ये फेओडोर लिनेन आणि त्यांच्या सहकारी एर्नेस्टिना राइखर्ट यांनी एक लहानसा निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. शरीरातील अन्नाच्या ज्वलनात आणि चरबीच्या निर्मितीत ज्या 'सक्रिय ॲसेटिक आम्ला'चा शोध अनेक देशांतील शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे घेत होते, ते म्हणजे कोएन्झाइम ए या रेणूतील गंधकाशी जोडले गेलेले ॲसेटिक आम्ल होय, हे त्यांनी दाखवून दिले. आपण खाल्लेली भाकरी, तूप आणि डाळ यांचे मार्ग पेशीत ज्या एका चौकात येऊन मिळतात, तो चौक या निबंधाने सापडला. उल्लेखांच्या हिशेबात लाउरींचा निबंध कितीतरी थोर. कारण उघड आहे. मोजपट्टी प्रत्येक शिंप्याला लागते. नवा सिद्धान्त मात्र एकदा पाठ्यपुस्तकात गेला की त्याचा कर्ता कोण, हे सांगण्याची गरज कोणाला उरत नाही. जे ज्ञान सर्वांचे झाले, त्याचा उल्लेख थांबतो. म्हणजे यशाची परिसीमा गाठली की गुण मिळेनासे होतात, अशी ही परीक्षा आहे.

लिनेन यांचा साठा काय होता? यीस्ट. म्यूनिक हे बिअरचे शहर असल्याने यीस्टची टंचाई तेथे पडण्याचे कारण नव्हते, असे गमतीने म्हणता येईल. पण महत्त्वाचा साठा काळाचा होता. हाइनरिश वीलांड या नोबेल पारितोषिकप्राप्त रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली लिनेन १९३७ साली डॉक्टर झाले. त्याच वर्षी ते वीलांड यांचे जावईही झाले. आपल्याकडे असते तर एवढ्या एका बाबीवर चौकशी समिती बसली असती! स्कीइंगच्या अपघातात गुडघा अधू झाल्यामुळे ते सैन्यभरतीतून सुटले. युद्धकाळात त्यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टवर प्रयोग केले. प्रयोगशाळा बॉम्बवर्षावात गेल्या. आणि डॉक्टर झाल्यापासून चौदा वर्षांनी तो १९५१ चा निबंध आला. १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते कोनराड ब्लॉख यांच्याबरोबर विभागून, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले शरीरात कशी तयार होतात या संशोधनासाठी. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ज्या गोळ्या आज आपल्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात मिळतात, त्या या दोघांनी उलगडलेल्या साखळीतील एक कडी अडवून धरतात. त्या साखळीची उकल होत असताना असली गोळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

हे कोनराड ब्लॉख कोण? तेही म्यूनिकचेच विद्यार्थी. तेथील तांत्रिक महाविद्यालयात शिकलेले. पण ते ज्यू होते. १९३४ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली. स्वित्झर्लंडमार्गे ते अमेरिकेस गेले आणि पारितोषिकाच्या वेळी हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. म्हणजे एकाच शहरातून निघालेल्या दोन वाटा, एक राहिलेल्याची आणि एक हाकललेल्याची, स्टॉकहोमला पुन्हा एकत्र आल्या. हिशेब येथेच थांबत नाही. लिनेन यांनी ज्या कोएन्झाइम एचे कोडे सोडवले, ते कोएन्झाइम शोधणारे फ्रिट्झ लिपमान मूळचे जर्मन. बर्लिनहून कोपनहेगनला आणि तेथून अमेरिकेस गेलेले. ते सक्रिय ॲसेटिक आम्ल पेशीतील ज्या चक्रात शिरते, त्या चक्राचे संशोधक हान्स क्रेब्स यांना १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाने काढून टाकले; त्यांनी ते चक्र १९३७ साली इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे शोधले. लिपमान आणि क्रेब्स या दोघांना १९५३ चे नोबेल मिळाले. एका रासायनिक वाटेवरील चार जर्मन नावे, त्यांपैकी तिघे परदेशाच्या खात्यावर जमा! एप्रिल १९३३ च्या नागरी सेवाविषयक कायद्याने जर्मन विद्यापीठांनी आपल्याच भांडवलाची ही निर्यात केली आणि मोबदल्यात काहीही घेतले नाही.

परंतु सगळा दोष १९३३ च्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. म्यूनिकमध्ये वीलांड यांच्याआधी त्या पदावर रिखार्ट विलश्टेटर होते. झाडांच्या हिरव्या रंगद्रव्याच्या अभ्यासासाठी त्यांना १९१५ चे नोबेल मिळाले होते. १९२४ साली एका योग्य शास्त्रज्ञाची नेमणूक तो ज्यू आहे एवढ्याच कारणाने होत नाही, असे दिसताच विलश्टेटर यांनी राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी विनवण्या केल्या, तरी त्यांनी तो परत घेतला नाही. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. तेथे हुकूमशहाची आज्ञा नव्हती; सुशिक्षित प्राध्यापकांच्या बैठकीत, नियमाप्रमाणे चर्चा होऊन तो निर्णय झाला होता. अध्यापक-निवडीच्या बैठकांना बसणाऱ्या आपण सर्वांनी ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. विलश्टेटर १९३९ साली स्वित्झर्लंडला निसटले आणि १९४२ साली तेथेच वारले.

त्याच विद्यापीठात त्या काळात कार्ल फॉन फ्रिश हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे संशोधन मधमाश्यांवर. काचेच्या भिंतीचे पोळे, माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके, साखरेचे पाणी आणि हातातले घड्याळ, एवढ्या सामग्रीवर त्यांनी जे शोधले, ते विसाव्या शतकातील जीवशास्त्राच्या सर्वांत रम्य शोधांपैकी एक होय. मकरंदाचा साठा सापडलेली माशी पोळ्यात परत येऊन अंधारात, उभ्या पोळ्यावर, अंग थरथरवीत एक सरळ रेघ चालते. त्या रेघेचा ऊर्ध्व दिशेशी होणारा कोन म्हणजे बाहेर सूर्याच्या दिशेशी असलेला फुलांचा कोन; आणि जितका वेळ ती थरथरते, तितके अंतर लांब. वर्तुळाकार नाच आणि थरथरता नाच हे दोन्ही फ्रिश यांनी विसाच्या दशकातच पाहिले होते; परंतु पहिला मकरंदाचा आणि दुसरा परागांचा, असा अर्थ त्यांनी तेव्हा लावला. हा अर्थ चुकीचा आहे आणि खरा भेद अंतराचा आहे, हे त्यांनीच १९४४ नंतरच्या प्रयोगांत दाखवून दिले. वीस वर्षांपूर्वीचे आपलेच प्रतिपादन मोडून काढण्याची सवड आणि निर्भयता ज्या माणसाला असते, त्याच्या हातून असे काम होते. दर तीन वर्षांनी गुणपत्रक भरणाऱ्याला ती चैन परवडत नाही.

फ्रिश यांची म्यूनिकमधील नवी प्राणिशास्त्र संस्था १९३२ साली उभी राहिली, ती अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने. १९४१ साली, आजोळच्या ज्यू रक्ताचे कारण दाखवून, त्यांना पदावरून दूर करण्याचे ठरले. ते वाचले कशामुळे? त्या वर्षांत नोसेमा नावाच्या रोगाने जर्मनीतील लक्षावधी मोहोळे मरत होती. माश्या गेल्या तर फळबागांचे परागण थांबणार, आणि युद्धात अन्न कमी पडणार. तेव्हा हा माणूस उपयोगी आहे, त्याची निवृत्ती युद्ध संपेपर्यंत लांबवावी, असा निर्णय झाला. या प्रसंगाचा उल्लेख बहुधा शास्त्राचा विजय म्हणून केला जातो. मला तो तसा वाटत नाही. ज्या राजवटीने माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवली, तिच्या हिशेबात या वेळी उत्तर 'उपयोगी' असे आले, एवढेच. प्राध्यापक मधमाश्यांऐवजी फुलपाखरांवर काम करीत असते तर? १९७३ चे नोबेल पारितोषिक फ्रिश यांना लोरेन्त्स आणि टिनबर्गन यांच्यासमवेत मिळाले, तेव्हा त्यांच्या वयाचे सत्त्याऐंशीवे वर्ष चालू होते.

त्याच विद्यापीठात १९४२ च्या मे महिन्यात जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांसाठी एका विद्यार्थिनीने नाव घातले होते. तिचे नाव सोफी शोल. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत युद्धविरोधी पत्रके टाकताना ती आणि तिचा भाऊ हान्स पकडले गेले आणि चार दिवसांनी दोघांचा शिरच्छेद झाला. वीलांड यांच्या संस्थेतील रसायनशास्त्राचा विद्यार्थी हान्स लाइपेल्ट याने ते काम पुढे चालवले. त्याच्या खटल्यात वीलांड स्वतः त्याच्या बाजूने साक्ष देण्यास गेले. लाइपेल्ट याला २९ जानेवारी १९४५ रोजी मृत्युदंड देण्यात आला. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या चौकाला आज शोल भावंडांचे नाव आहे.

आता पैशाकडे वळू. १९८१ साली होएख्स्ट या बलाढ्य जर्मन रसायन कंपनीने बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी कोट्यवधी डॉलरांचा दहा वर्षांचा करार केला. रेणवीय जीवशास्त्रातील आघाडीचे संशोधन हवे असेल तर ते जर्मनीत मिळत नाही, असाच त्याचा अर्थ होता. बॉन सरकारला हा टोला वर्मी लागला. त्यानंतर सरकारच्या साहाय्याने काही विद्यापीठांच्या परिसरात जनुक-केंद्रे उभी राहिली. म्यूनिकचे केंद्र १९८४ साली एर्न्स्ट-लुडविग विनाकर यांनी स्थापले. हे विनाकर म्हणजे होएख्स्टच्याच एका माजी प्रमुखाचे चिरंजीव, हाही इतिहासाचा विनोदच. या केंद्रात २००१ साली पाट्रिक क्रामर हे तरुण शास्त्रज्ञ आले. पेशी आपल्या जनुकांची नक्कल कशी उतरवते, त्या रेण्वीय यंत्राची रचना उलगडण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. २०१४ साली ते ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत गेले आणि २०२३ साली माक्स प्लांक सोसायटीचे अध्यक्ष झाले. यादीच्या हिशेबाने म्यूनिकमधून एक नाव वजा, ग्योटिंगेनमध्ये एक अधिक. परंतु ज्या केंद्राने तीस-पस्तिशीच्या माणसावर विश्वास टाकून त्याला प्रयोगशाळा दिली, त्या विश्वासाचे गुण कोणत्या रकान्यात लिहायचे?

आणि होएख्स्टचे काय झाले? या कंपनीचा आपल्याशीही संबंध आहे. १९७२ साली तिने मुंबईत मुलुंड येथे मोठे संशोधन केंद्र उघडले. भारतातील औषधी वनस्पतींचा तेथे कसून अभ्यास झाला आणि गरमर या, गुजरातेत आणि आपल्याकडे लोणच्यात घातल्या जाणाऱ्या कंदाच्या जातीच्या वनस्पतीतून फोरस्कोलिन हे द्रव्य हाती आले. पेशीतील संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते आजही नित्याचे साधन आहे. मुलुंडच्या शास्त्रज्ञांची ही कामगिरी आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती. परंतु कंपनीचे गणित बदलले. केंद्राची मालकी बदलली. १९९९ साली विलीनीकरणात होएख्स्ट हे नावही पुसले गेले. ज्या कंपनीच्या एका कराराने जर्मन सरकारला घाम फुटला, ती राहिली नाही, आणि सरकारने उभारलेले जनुक-केंद्र चालू आहे. खासगी भांडवलाला नावे ठेवण्याचा येथे उद्देश नाही. भागधारकांना उत्तर देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु चौदा वर्षे यीस्ट उपाशी ठेवून बसणाऱ्या माणसाला कोणता भागधारक पोसेल? ज्याच्या फळावर कुंपण घालता येत नाही, ते झाड बाजार लावीत नाही, हे आम्ही वर्गात पहिल्याच वर्षी शिकवतो.

शिक्षणशुल्काच्या बाबतीतही बव्हेरियाचा अनुभव उद्बोधक आहे. २००५ साली घटना-न्यायालयाने शुल्कावरील केंद्रीय बंदी रद्द केली. २००७ पासून बव्हेरियात दर सहामाहीस ५०० युरोपर्यंत शुल्क सुरू झाले. त्याविरुद्ध लोकांनी सह्यांची मोहीम काढली. दहा टक्के मतदारांच्या सह्या आवश्यक असता जानेवारी २०१३ मध्ये चौदा टक्क्यांहून अधिक मतदार स्वतः कचेरीत जाऊन सही करून आले, आणि त्याच वर्षी शुल्क रद्द झाले. माझ्याच शास्त्रातील काही पंडित म्हणतील की कामगाराच्या कराने डॉक्टरच्या मुलाचे शिक्षण होते, हा अन्याय आहे. आक्षेप पोकळ नाही. पण त्याचे उत्तर डॉक्टरच्या मुलाकडून पुढे चढता आयकर घेणे हे आहे. कामगाराच्या मुलीला प्रवेशाच्या खिडकीवर अडवणे हे नव्हे. जर्मनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून अधिक रक्कम संशोधन-विकासावर खर्च करते. आपला आकडा एक टक्क्याच्याही खाली, बरीच वर्षे अडकून पडला आहे. या पायावर उभे राहून आपण यादीतील नावे मोजतो.

मोजण्याचा हा रोग आपल्याकडे जरा अधिकच जडला आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आणली. परिणाम सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे: पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलननीतीच्या संदर्भात इशारा दिला होता की, एखाद्या मोजमापाला नियंत्रणाचे साधन बनवले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. विद्यापीठांच्या बाबतीत तो इतका तंतोतंत उतरेल, याची त्यांनाही कल्पना नसावी.

मात्र जर्मनीचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या देशाच्या यशाखाली एक अंधारी खोली आहे. २००७ च्या कायद्यानुसार विद्यापीठातील संशोधकाला डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांपर्यंत मुदती करारावर ठेवता येते. वैद्यकशास्त्रात नंतरची मुदत नऊ वर्षे. त्यानंतर कायमची जागा नसेल तर त्याला बहुधा विद्यापीठाबाहेरचाच रस्ता उरतो. पंचेचाळिशीच्या आतील, प्राध्यापक नसलेल्या विद्यापीठीय संशोधकांपैकी दहांत नऊ जण अशा करारांवर असल्याचे तेथील शासकीय अहवालातच नमूद आहे. या कायद्याचे समर्थन करण्यासाठी संशोधन मंत्रालयाने एक चित्रफीत काढली होती. तीत हाना नावाची एक काल्पनिक तरुणी दाखवली होती, आणि ती होती जीवशास्त्राची संशोधक. एकाच पिढीने जागा अडवून व्यवस्था तुंबवू नये म्हणून मुदती करार हवेत, असे तीत सांगितले होते. २०२१ साली हजारो संशोधकांनी 'मी हाना आहे' असे म्हणत स्वतःच्या कहाण्या जाहीर केल्या, तेव्हा मंत्रालयाला ती चित्रफीत मागे घ्यावी लागली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने दुरुस्तीचा मसुदा संमत केला. पण नोव्हेंबरात आघाडी सरकारच कोसळले आणि तो तसाच राहिला.

आपल्याकडे तासिका तत्त्वावर, दर तासाच्या मोबदल्यात, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत बिनपगारी राहून वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या तरुण अध्यापकांना हानाची कहाणी भाषांतर न करताही समजेल. फरक एवढाच की हानाला प्रयोगशाळा तरी मिळते.

लिनेन १९३७ साली डॉक्टर झाले, हे वर सांगितले आहे. २००७ चा कायदा त्यांना लागू असता, तर नंतरची सहा वर्षे १९४३ साली संपली असती. 'सक्रिय ॲसेटिक आम्ला'ला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता.